चाळीसावर एक

१

सातव्या डब्याचं झाकण निघालं आणि आत भाकरी नव्हती. जोंधळा होता, काठोकाठ, आणि त्या जोंधळ्यातून काळे किडे वर येत होते.

हवालदारानं हात मागं घेतला. मेजर रोहित मान्यांनी पेनाला टोपण लावलं. माझ्या शेजारच्या सुशीलाक्का मटकन् पोत्यावर बसल्या. हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये बेचाळीस बायका दाटीनं उभ्या होत्या, पण कुणाच्या बांगडीचासुद्धा आवाज आला नाही.

सुशीलाक्का कडक भाकरीचा कारखाना चालवतात. जोंधळ्याची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि दोन-तीन दिवस वाळवून खडखडीत करायची; मग ती महिनोन्महिने टिकते. मागच्या डिसेंबरात सैन्याच्या पुरवठा खात्यानं तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. बर्फातल्या ठाण्यांवर वाट बंद व्हायच्या आत अन्नाचा साठा करावा लागतो, तिथं ही भाकरी चालेल का, असा प्रश्न होता. बारा डबे भरून एका खोलीत ठेवले. मेजरसाहेबांनी प्रत्येक झाकणावर आणि खोलीच्या दारावर आपल्या सहीची पट्टी चिकटवली. नऊ महिने हुबळीचा उन्हाळा-पावसाळा त्या भाकऱ्यांनी सोसायचा आणि सप्टेंबरात डबे उघडायचे, असं ठरलं. पास झालो तर कायमचं काम मिळणार होतं. आजवर लग्नसराईपुरत्या कामावर येणाऱ्या बेचाळीस जणींच्या चुली त्यामुळं बारा महिने पेटणार होत्या.

सैन्याला पाठवायचा अर्ज आमच्या अप्पांनी लिहून दिला होता. "या बायकांच्या शब्दाला मी जामीन आहे" असं त्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

मी मेधा, धारवाडच्या कोर्टात वकिली करते. अप्पा म्हणजे माझे सासरे, शेषगिरी. सैन्याच्या पुरवठ्यात अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. लढाई म्हटलं की लोकांना बंदुका आठवतात, अप्पांना पोती आठवतात. घरात बारसं असो की सहल, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती माणसं, किती दिवस, आणि वाट बंद पडली तर काय?" सासूबाई म्हणतात, मला बघायला आले तेव्हाही यांनी हेच विचारलं होतं.

आधीचे सहा डबे अगदी उत्तम निघाले होते. पांढऱ्या फडक्यात बांधलेली चवड, गाठीत खोचलेला छापील कागद, भाकरी मोडली की कट्‌ असा आवाज. एकच गंमत झाली होती. कागदावर चाळीस लिहिलेलं आणि हवालदार मोजे तेव्हा एक्केचाळीस भरत होत्या. सहाही डब्यांत तेच.

"हे काय?" मेजरांनी विचारलं होतं.

"चाळीसावर एक द्यायचीच असते, साहेब," सुशीलाक्का हसून म्हणाल्या होत्या. "अन्न नेमकं मोजून दिलं तर घेणाऱ्याला कमी पडेल असं आमच्या बायका म्हणतात. मी किती सांगितलं, ऐकत नाहीत."

तेव्हा मेजरसुद्धा हसले होते. आता त्यांनी राहिलेले पाच डबे उघडायला लावले. पाचही चांगले, पाचांत एक्केचाळीस.

"दारावरची पट्टी शाबूत होती. सातव्या डब्याचीही. सही माझीच आहे," मेजर अप्पांना म्हणाले. "सुभेदारसाहेब, मी तुमचा मान ठेवतो. पण मी भाकरी म्हणून ज्यावर सही केली, त्यात किडके दाणे निघाले. हा डबा वर गेला असता तर? चारची माझी गाडी आहे. तोवर खुलासा मिळाला तर तो अहवालात लिहीन. नाही मिळाला तर 'विश्वासार्ह नाही' एवढंच लिहीन, आणि मग यांना पुन्हा अर्ज करता येणार नाही."

घड्याळात साडेदहा वाजले होते. अप्पांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत दुमडली आणि किड्यांची पर्वा न करता सातव्या डब्यात हात घातला.

२

डबा टेबलावर ठेवून अप्पा त्याच्याभोवती दोनदा फिरले. मग मला म्हणाले, "उचल बघू."

मी उचलला आणि लगेच खाली ठेवला. "जड आहे. दुसऱ्यांच्या तिप्पट तरी."

"चोरी लपवायची असेल तर माणूस वजन जुळवतो. तेवढ्या भाकऱ्यांना पुरतील एवढेच दाणे घालतो. यानं काठोकाठ का भरला?"

वकिलाला उत्तर न सुचणं बरं दिसत नाही म्हणून मी मूठभर दाणे तळव्यावर घेतले. किडे सोडले तर दाणे सुरेख होते. एक खडा नाही, काडी नाही, कोंडा नाही.

"निवडलेला आहे," मी म्हणाले.

"शाबास. आता यात काय नाही ते सांग."

"भाकरी नाही."

"ते हवालदारालाही दिसलं. फडकं नाही. कागद नाही. आणि कडुलिंबाचा पाला नाही." त्यांनी तळापर्यंत हात फिरवून दाखवला. "आपल्याकडं कुठली बाई चार महिने जोंधळा ठेवेल आणि त्यात पाला घालणार नाही? म्हणून तर कीड लागली."

एवढ्यात सुशीलाक्कांनी स्वतःला सावरून माझ्यापुढं माझाच स्टीलचा डबा धरला. मागच्या आठवड्यात मी त्यातून त्यांना थालीपीठ दिलं होतं. "तुझा डबा राहिलाय गे मेधा, घेऊन जा. या गडबडीत विसरेन." उघडून पाहिलं तर आत शेंगाचटणी. आपला जीव टांगणीला लागलेला असताना या बाईला माझा डबा भरून द्यायचं सुचलं, याचं मला त्याही वेळी नवल वाटलं.

अप्पा त्या चटणीकडं नको इतका वेळ बघत राहिले. त्यांना मसालेदार वर्ज्य आहे म्हणून मी झाकण लावून टाकलं.

"मेजरसाहेब," त्यांनी विचारलं, "डबे भरले कधी आणि तुमची पट्टी लागली कधी?"

"नऊ डिसेंबरला सकाळी अकरापर्यंत भरले. मी बारा तारखेला यायचा होतो. पण सरहद्दीवर अचानक गोळीबार वाढला, वरून हुकूम आला, हातातली सगळी कामं उरकून ताबडतोब निघा. म्हणून नऊलाच संध्याकाळी सहाला येऊन पट्ट्या लावल्या आणि तसाच स्टेशनवर गेलो."

"झाकणं उघडून बघितलीत?"

मेजरांनी मान खाली घातली. "चार उघडून बघितली. सातवा त्यांत नव्हता."

"म्हणजे सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा," अप्पा म्हणाले. "त्या सात तासांत हे झालं. आणि त्या दिवशी डब्यांच्या खोलीत ज्यांची ये-जा होती, ती सगळी माणसं आत्ता या छपराखाली आहेत."

३

पहिला गोविंद आला. गोदाम त्याच्याकडं. अमरगोळच्या बाजारआवारातून जोंधळ्याची पोती तोच आणतो. घाबरून घामाघूम झाला होता, कारण जोंधळा म्हटलं की बोट त्याच्याकडंच जाणार हे त्याला कळत होतं.

"अप्पा, देवाशप्पथ, मी पोती उतरवतो आणि रचतो. भाकरीच्या खोलीत मला कामच नाही."

"त्या दिवशी गेला होतास की नाही?"

"गेलो होतो. डबे उचलून फळीवर ठेवायला. सगळे सारखे हलके होते." तो थांबला. "जड असता तर मला कळलं असतं न्हवं."

"किती वाजता ठेवलेस?"

"अकरा, सव्वाअकरा."

सुशीलाक्कांचा भाचा अक्षय मात्र अजिबात घाबरलेला नव्हता. त्याला भाकरीचं यंत्र आणायचं आहे आणि मावशीला आणू द्यायचं नाही, यावरून दोघांचं वर्षभर वाजतंय हे साऱ्या गोकुळ रोडला माहीत आहे. "हातानं केलेल्या कामात असंच होणार," तो म्हणाला. "मी केव्हाचा सांगतोय. आता पोलिसांत द्या गोविंदला आणि विषय संपवा. जोंधळा त्याचाच आहे."

मला तो त्या क्षणी इतका नावडला की चोर हाच असावा असं मनापासून वाटलं. परीक्षा बुडाली तर मावशी हरणार आणि यंत्र येणार, म्हणजे हेतू आयताच होता. मी अप्पांच्या कानात तसं सांगितलं.

"अक्षय, जोंधळा निवडायला कसं बसतात रे?" अप्पांनी विचारलं.

"म्हणजे?"

"सुपात पहिल्यांदा काय काढतात, खडे की काड्या?"

अक्षयनं खांदे उडवले. तो प्रश्न त्याला थट्टेचा वाटला. अप्पांनी त्याला जायला सांगितलं आणि मला हळूच म्हणाले, "पाच किलो जोंधळा निवडायला दोन तास लागतात. मावशीला बुडवायला निघालेला पोरगा दगड भरेल, वाळू भरेल. निवडत बसेल का? गोविंदच्या पोत्यातलाही हा नाही, त्यात खडे असतात. हा आला तो बायकांच्या बुट्ट्यांतून, दुसऱ्या दिवशी दळायला म्हणून निवडून ठेवलेला."

तिसरी रेश्मा. भाकऱ्या मोजून फडक्यात बांधायच्या आणि कागद खोचायचा हे तिचं काम. बारीक, चटपटीत, बोलताना कानडीत कधी शिरते ते तिलाही कळत नाही.

"बाराच्या बारा डब्यांत कागद मीच घातला, अप्पा. छापील तक्ता होता, हिंदीत. उघडल्याची तारीख, भाकऱ्या किती, बुरशी आहे का, तुटलेल्या किती, चव कशी. खाणाऱ्यानं भरायचा म्हणून मेजरसाहेबांनी दिला होता. गाठीत पक्का खोचला होता."

"त्या दिवशी कारखान्यात विकायला दुसऱ्या भाकऱ्या किती होत्या?"

"ओंदू इल्ला. एकसुद्धा नाही. आदल्या दिवशी नवलगुंदच्या लग्नाला सगळा माल गेला होता. कुणी मागायला आलं असतं तर चार दिवस थांबा म्हणावं लागलं असतं."

"आणि सुशीलाक्का?"

"अक्का दिवसभर धारवाडला होत्या, परवान्याच्या कागदांसाठी."

"दुपारी कोण बाहेर गेलं होतं?"

रेश्मानं आठवून पाहिलं. "जेवायच्या सुट्टीत सगळ्याच इकडंतिकडं असतात. वेणूबाई गेल्या होत्या अर्धा दिवस. पोराला गाडीवर सोडायला."

अप्पांनी पुढं काही विचारलं नाही. बारा वाजून गेले होते, आणि बाहेर अक्षय गोविंदचा दंड धरून "चल, पोलीस ठाण्यात चल" म्हणत होता.

४

मी वकिली आवाज काढून अक्षयला बाजूला केलं. गोविंद भिंतीला टेकून रडत होता. त्याच वेळी वेणूबाई चहा घेऊन आल्या.

वेणूबाई या कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या. कलघटगीजवळच्या खेड्यातून रोज पहिल्या बसनं येतात. पंचावन्न-साठ वय, हातावर भाजल्याचे जुने डाग, आणि थापलेली भाकरी काटेकोर गोल. त्यांनी गोविंदलाही कप दिला आणि त्याच्या समोर क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडं आल्या.

"चहाबरोबर काय तरी तोंडात टाका, बाई. सकाळपासून उपाशी हाईसा." त्यांनी कमरेचा बटवा सोडून माझ्या हातावर दोन वाळकी, पिवळट, सुरकुतलेली फळं ठेवली. बटव्यात आणखीही काहीतरी होतं, घडी केलेलं. ते त्यांनी बोटानं आत सारलं.

मी एक फळ खाल्लं. आंबटगोड, चिवट. दुसरं अप्पांना दिलं.

अप्पांनी ते खाल्लं नाही. डोळ्यांसमोर धरून बघत राहिले, आणि मला त्यांचा चेहरा ओळखू येईना. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीबद्दल ते घरात नेहमी विनोदच सांगतात. त्या दिवशी पहिल्यांदा दुसरं काही बोलले.

"मेधा, हे जर्दाळू आहे. लडाखचं. नव्याण्णवच्या लढाईत मी तिकडच्या रस्त्यावर खालच्या डेपोत होतो. तिथं डोंगरावर एक शिपाई उभा असतो ना, त्याच्या मागं रांग असते. खेचरवाला, हमाल, ट्रकवाला, मालगाडी, गोदाम, गिरणी, आणि रांगेच्या अगदी शेवटी कुठंतरी जमिनीवर बसून दाणे निवडणारी बाई. त्यातला एक माणूस जरी हलला तरी वर ताट रिकामं. त्या साली रस्त्यावर तोफगोळे पडत होते. वर एक ठाणं तीन दिवस उपाशी होतं आणि माझ्याकडं पोती भरून पडली होती. चौथ्या दिवशी पाठवली. मी यादीवर खूण केली. पोचली का, कुणी खाल्ली, खाणारा उरला होता का, मला कधीच कळलं नाही. आमच्या नोकरीत रांगेचं दुसरं टोक दिसत नाही."

त्या माणसाबरोबर एका घरात अकरा वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं.

ते उठले. "सगळ्यांना बोलाव. गोविंदला पहिल्यांदा."

५

सगळे पुन्हा टेबलाभोवती जमले. अप्पा चढ्या आवाजात बोलत नाहीत, त्यामुळं मागच्या बायका पुढं सरकल्या.

"हा डबा चोरानं भरलेला नाही," ते म्हणाले. "ज्यानं भरला त्याला वजन लपवायचं नव्हतं. किडका माल खपवायचा नव्हता, कारण दाणे हातानं निवडलेले आहेत. आणि त्याला डबा नऊ महिने तसाच ठेवायचाही नव्हता. पाला घातलेला नाही. म्हणजे दोन-चार दिवसांत दाणे काढून घ्यायचे आणि भाकऱ्या परत ठेवायच्या, असं त्याच्या मनात होतं. मेजरसाहेब बारा तारखेला येणार होते. भाकरी वाळायला तीन दिवस लागतात. नऊ आणि तीन बारा."

"मग दाणे भरायचेच कशाला?" मेजरांनी विचारलं. "रिकामा ठेवायचा."

अप्पांनी माझ्याकडं हात केला. "मेधा, तुझा डबा उघड."

मी माझा स्टीलचा डबा उघडला. शेंगाचटणीचा वास पसरला आणि मला एकदम सगळं समजलं.

"दुसऱ्याच्या घरचं भांडं नेलं तर ते रिकामं परत करायचं नाही," मी म्हणाले. "ही आपल्याकडची रीत आहे. डोक्यावर आभाळ कोसळलं तरी सुशीलाक्कांनी ती मोडली नाही. ज्यानं भाकऱ्या नेल्या, त्यानं त्या उसन्या नेल्या. आणि भांडं काठोकाठ भरून ठेवलं."

"पण फडकं आणि कागद?" मेजर.

"चवड गाठोड्यासकट उचलली," अप्पा म्हणाले. "कारण ती लांब न्यायची होती. घाईत कागद गाठीतच राहिला. त्या दिवशी हुबळीत कडक भाकरी हवी तर फक्त या बारा डब्यांत होती. सरहद्दीवर गोळीबार वाढला आणि मेजरसाहेबांना तीन दिवस आधी यावं लागलं. त्याच हुकमानं आणखी एकाची रजा अर्ध्यात रद्द झाली आणि त्याला दुपारच्या गाडीनं निघावं लागलं. त्याच्या घरच्या माणसाला वाटलं, पोरगं बर्फात चाललंय, हातात काहीतरी द्यावं. आणि दिलेलं फडकं परत आलं तेव्हा तेही रिकामं आलं नाही." त्यांनी तळहात उघडला. जर्दाळू तिथंच होतं. "ही रीत त्या पोरानं अठरा हजार फुटांवर पाळली."

बायकांच्या माना वळायच्या आतच वेणूबाई पुढं आल्या. गोविंदच्या पायाशी वाकल्या, तर तो दचकून मागं सरला.

"तुझ्यावर आळ आला रं माझ्यामुळं," त्या म्हणाल्या. मग मेजरांकडं वळल्या. "मीच न्हेलं, साहेब. यशवंता पंधरा दिवसांच्या रजेवर आला हुता. चौथ्या दिशी फोन आला. अक्का असत्या तर मागून घेतलं असतं, त्यांनी नाही म्हटलं नसतं. म्या म्हटलं तीन दिसांत करून ठेवते, कुणाला कळायचं बी नाही. दुसऱ्या दिशी आले तर दाराला पट्टी. साहेबाची सही मोडायची कशी? आणि सांगायचं म्हटलं तर या सगळ्या जणींचं काम माझ्यामुळं जाणार. नऊ म्हयने झोप न्हाई लागली."

सुशीलाक्का उठून वेणूबाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, मी तुम्हाला दोष देणार नाही," मेजर म्हणाले. "पण माझ्या अहवालात बारा डबे हवेत. अकराच आहेत. या सातव्यातल्या भाकऱ्या टिकल्या की सडल्या, याचा पुरावा कुठं आहे?"

"बटव्यात," अप्पा म्हणाले.

६

वेणूबाईंनी बटवा सोडला आणि घडी पडून मऊ झालेला कागद काढला. "आषाढात त्याचा एक दोस्त सुट्टीवर आला, त्यानं फडक्यात बांधून ही फळं आणली. त्यात ह्यो कागद हुता. डब्यातला कागद म्हणून वळखला, परत डब्यात घालायचा म्हणून रोज संगं ठेवलाय. मला वाचाय येत न्हाई. आणि दुसऱ्याला वाचाय दिला तर कळलं असतं."

मेजरांनी कागद उलगडला. छापील तक्ता तोच होता, रेश्मानं लांबूनच ओळखला. रकाने निळ्या शाईनं भरलेले होते, हिंदीत, शाळेतल्या पोरासारख्या नीट अक्षरांत. खाली ठाण्यावरच्या नायब सुभेदाराची सही होती. मेजरांनी ठाण्याचं नाव वाचलं आणि खुर्ची ओढून बसले.

"हे ठाणं माझ्याकडं होतं," ते म्हणाले. "जानेवारीत मी खालच्या तळावर होतो. हिमकडा कोसळला आणि वाट बुजली. त्यांचा रेशनचा तंबू बर्फाखाली गेला, बिनतारी यंत्र बंद पडलं. आम्ही सहा दिवस वाट खणत होतो. आठ माणसं होती. कशावर राहिली असतील ते आम्ही विचारलंच नाही. जिवंत सापडली यातच सगळं आलं."

मग ते एकेक रकाना मराठीत सांगत गेले.

उघडल्याची तारीख: चौदा जानेवारी, संक्रांत. तंबू गाडला गेला तो दिवस.

बुरशी: नाही.

भाकऱ्या किती. तिथं छापील चाळीसवर काट मारून लिहिलं होतं, एक्केचाळीस.

हवालदारानं मान वर केली. त्यानं सकाळपासून अकरा वेळा तो आकडा मोजला होता. चाळीसावर एक ठेवायची सवय बाहेरच्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. कागद खरा आहे हे सांगायला दुसरा साक्षीदार लागला नाही.

त्याखाली बारीक अक्षरांत हिशोब होता. माणसं आठ. दिवसाला माणशी एक, गरम पाण्यात भिजवून. पाच दिवस. चाळीस संपल्या. वाट बंद.

चव: घरची.

शेवटचा रकाना होता तुटलेल्या किती. मेजर तिथं थांबले. दोनदा वाचायचा प्रयत्न केला, मग कागद अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी चष्मा लावला.

"तुटलेल्या, एक," त्यांनी वाचलं. "सहाव्या दिवशी. आम्हीच तोडली. आठ तुकडे. दुपारी खालून माणसं आली."

मी त्या बायकांच्या हातांकडं बघत होते. मोजून दिलं तर कमी पडेल म्हणून कुणीतरी चवडीवर आणखी एक ठेवली होती, कुठल्या हातानं ते आता कधीच कळणार नव्हतं, आणि ती हजारो मैल जाऊन नेमक्या त्या दिवशी कामाला आली होती जेव्हा दुसरं काहीही उरलं नव्हतं. एवढ्या थोर गोष्टीपुढं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. मी नुसतीच उभी राहिले.

वेणूबाईंना सगळं कळायला वेळ लागला. लेकानं फोनवर यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला, मग काढला.

"चटणी बी दिली हुती," त्या म्हणाल्या. "ती पुरली न्हाई वाटतं."

अप्पा कागदाची घडी घालत नव्हते. अंगठा त्या निळ्या अक्षरांवरून हळूच फिरवत होते. "अठ्ठावीस वर्षं मी पाठवत होतो," ते मला म्हणाले. "पोचल्यावर काय होतं ते आज वाचलं."

अडीच वाजले होते. मेजर माने टेबलाशी आले, पेनाचं टोपण काढलं. हवालदार तपासणीचा तक्ता घेऊन पुढं झाला. सहा डब्यांपुढं आकडे होते, सातव्यापुढं जागा रिकामी, पुढं पुन्हा पाच आकडे.

"सर, सातव्या डब्यात काय लिहू? नियमाप्रमाणं चाळीस?"

मेजरांनी त्याच्या हातातून तक्ता घेतला.

"एक्केचाळीस," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं लिहिलं.